हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. बँकेत जायचं, यादीत आपलं नाव शोधायचं आणि नावापुढे सही ठोकायची. हल्ली मशीनवर अंगठा ठेवला तरी भागतं. एवढ्याशा कामावरून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर महिनाभर रडारड चालते. 'अहो, मी समोर धडधडीत उभा आहे, तरी विचारतात जिवंत आहात का!' हे वाक्य मी दरवर्षी किमान सहा जणांकडून ऐकतो. एकदा मीही म्हटलं होतं आणि बऱ्यापैकी हशा मिळवला होता.

हल्ली म्हणत नाही. गेल्या तीन वर्षांत मला अशी माणसं भेटलीत, की ज्यांना समोर धडधडीत उभं राहूनही आपण जन्मलो होतो हेच सिद्ध करता आलेलं नाही.

*

मी महसूल खात्यातला. अव्वल कारकून म्हणून 58 पुरी केली आणि नियमानुसार घरी आलो. निरोप समारंभात सूत्रसंचालकाने जाहीर केलं, की साहेब उर्वरित आयुष्य समाजासाठी वेचणार आहेत. असं मी कुणालाच बोललो नव्हतो. पण त्याच्या कागदावर ते वाक्य आधीपासूनच होतं. माझ्याआधी निवृत्त झालेल्या तिघांची नावं खोडून तिथे माझं लिहिलं होतं, इतकंच.

पहिले सहा महिने हास्य क्लब, मंडई, मोबाईलवरचे सुप्रभात आणि सौ.च्या स्वयंपाकात काढलेल्या चुका, यांत गेले. सातव्या महिन्यात सौ. म्हणाली, 'ते समाजासाठी वेचणार होता ना? मग वेचा. सकाळी दहाला निघा, दोनपर्यंत येऊ नका.' महाराष्ट्रातली बरीचशी समाजसेवा अशीच सुरू होते. इतिहासात बायकांची नावं येत नाहीत, एवढंच.

तालुक्यात एक संस्था आहे. फासेपारध्यांत काम करते आणि पारध्यांबद्दल बाकीच्या गावाच्या डोक्यात जे बसलंय ते उतरवायचा प्रयत्न करते. पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या. खाली पट्टा सुरू झाला की वर टेबल थरथरतं आणि 'ई'ची वेलांटी 'इ'ची होते. तिथे एका टेबलामागे संस्थेच्या ताई बसल्या होत्या. वय माझ्या धाकट्या मुलीपेक्षा कमी. पालात जन्मलेल्या, आश्रमशाळेत वाढलेल्या, एमएसडब्ल्यू झालेल्या.

'काका, तुम्हाला काय काय येतं?'

'मी व्याख्यान देऊ शकतो. जातिभेद: कारणे आणि उपाय. चाळीस मिनिटांचं आहे. वीसमध्येही बसवता येईल.'

'व्याख्यानाला आमच्याकडे खूप जण आहेत. नोकरीत काय करत होता?'

'तहसीलला. दाखल्यांच्या टेबलावर.'

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. 'म्हणजे त्रुटी काढत होता?'

ज्यांचा सरकारी कचेरीशी संबंध आलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. आमच्याकडे अर्ज कधी नाकारत नाहीत. त्यात त्रुटी काढतात. नाही म्हणायला अधिकार लागतो. त्रुटी काढायला पेन पुरतं. अर्जदार त्रुटी पुरी करून आला, की दुसरी काढायची. तिसऱ्या खेपेला तो येत नाही. मग प्रकरण 'अर्जदार अनुपस्थित' म्हणून दप्तरी दाखल होतं आणि प्रलंबित प्रकरणांची संख्या कमी केल्याबद्दल आमचं कौतुक होतं. मी या कामात वाकबगार होतो.

'हो,' मी म्हणालो.

'मग तेच करा. फक्त अर्ज तिकडे जायच्या आधी, इथे काढा.'

व्याख्यान तसंच घरी परत आलं. अजून आहे. कुणाला हवं असल्यास द्यायला तयार आहे.

*

पहिल्या आठवड्यात ताई मला वस्ती दाखवायला घेऊन गेल्या. शिवेवरची आठ-दहा पालं, दोन पत्र्याची घरं, बाजूला तुरीचं शेत. स्कूटरवरून उतरताना माझा हात आपोआप मागे गेला आणि मागच्या खिशातलं पाकीट पुढच्या खिशात आलं. मी काही केलं नाही. हाताने केलं. हात सरकारी नोकरीतला होता, त्याला सवयी होत्या.

ताईंनी पाहिलं. म्हणाल्या, 'बरं केलंत काका. पुढच्या खिशात बरं असतं. एसटीत गर्दी असते.'

आम्ही स्कूटरवरून आलो होतो.

पूर्वग्रहावर मी जी चाळीस मिनिटं बोलणार होतो, ती तिथे चार सेकंदांत आटोपली.

*

आता मुद्द्याचं. जातीच्या दाखल्याला एक 'मानीव दिनांक' असतो. अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961. त्या तारखेला किंवा तिच्या आधी तुमचे वाडवडील इथेच राहत होते, याचा पुरावा द्यायचा. फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. म्हणजे 'पारधी'च्या आधीचा एक शब्द बदलला, की तारीख अकरा वर्षांनी सरकते, प्रवर्ग बदलतो आणि अंगावर कुणी धावून आलं तर ॲट्रॉसिटीचा कायदा लागतो की नाही, तेही बदलतं. 1989चा तो कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, विमुक्तांसाठी नाही. आणि आपण जमातीतले आहोत हे सांगायला कागद लागतो. मार खायला लागत नाही. मारणाऱ्याला जात बरोब्बर माहीत असते.

पुरावा म्हणून काय चालतं? आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. (आजोबांना शाळेत घेतलं असेल तर तो मिळेल.) जमिनीचा उतारा. (जमीन असेल तर.) गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची, म्हणजे गाव नमुना 14ची नक्कल. त्यातली नोंद गावात जन्मलेल्याची. पाल पडतं दोन गावांच्या शिवेवर. शिवेवर जन्मलेलं पोर या गावाला वाटतं त्या गावचं आणि त्या गावाला वाटतं या गावचं. रात्री कोंबडी गेली, की मात्र ते दोन्ही गावांचं असतं.

शेवटी एखाद्या चुलत्याचं नाव कुठल्या तरी शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडलंच, तर मास्तरांनी घाईत 'पाधी' लिहिलेलं असतं. 'र' नाही, म्हणून त्रुटी. मी स्वतः अशा 'र'साठी माणसं परत पाठवलीत. आता त्या 'र'साठी प्रतिज्ञापत्रं लिहितो. महाराष्ट्रात एका अक्षरावर इतकं पोट कुणी भरलं नसेल.

एका म्हातारीचं प्रकरण माझ्याकडे आलं. वय विचारलं. म्हणाली, 'मोठ्या दुष्काळात पोर कडंवर हुतं.' म्हणजे 1972. आमच्या टेबलावर वयं अशीच मोजतात: मोठा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप. (72 साल पारध्यांना दोनदा लागलं. इकडे पाऊस गेला, तिकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. फास लावून तितर-लावे धरणं, हे ज्यांच्या नावातच आहे त्यांचा धंदा गुन्हा झाला. कायदा गरजेचा होता. पण उद्यापासून खायचं काय, याचं कलम त्यात घालायचं राहून गेलं.)

मी सवयीने पुढचा प्रश्न टाकला, 'आजी, 1950च्या आधी तुमचे आजोबा कुठे राहत होते?'

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस खरंच सरकारी नोकरीत होता का.

'पोलिसांस्नी इचारा की. त्यांस्नी सगळं ठावं हुतं.'

*

म्हातारीचं खरं होतं. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1911च्या कायद्याने हा जाच सगळ्या देशभर नेण्याची सोय झाली. नोंदलेल्या माणसाने पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडताना कळवायचं, बोटांचे ठसे द्यायचे. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. तिथल्या वसाहतींच्या पत्त्यावर आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असं लिहितात आणि पोस्टमन पत्र बरोबर पोहोचवतो.

म्हणजे या देशात पारध्यांच्या आजोबांइतकं काटेकोर नोंदलेलं दुसरं कुणी नसेल. माझ्या आजोबांचे ठसे कुणी घेतले नव्हते. गुन्हेगार म्हणून नोंद करताना सरकारने पारध्यांकडे एकही कागद मागितला नाही. नागरिक म्हणून नोंद करायची वेळ आली, तेव्हा सगळे मागितले.

देश स्वतंत्र झाल्यावर 5 वर्षं आणि 16 दिवसांनी, 31 ऑगस्ट 1952ला, हा कायदा देशपातळीवर रद्द झाला. म्हणून 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन. त्या दिवशी आपल्या तालुक्यात काय असतं, ते आठवून पाहा. नाही आठवणार. कायदा गेला, पण ठाण्यातल्या कपाटाला ते कळवायचं राहिलं. 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. मग 'गुन्हेगार जमात' म्हणायची गरज उरली नाही, 'सराईत' म्हटलं की भागलं. 2008मध्ये रेणके आयोगाने अहवाल दिला, पुढे इदाते आयोगाने दिला. दोन्ही अहवाल सुस्थितीत आहेत. सरकारी कपाटं मजबूत असतात.

3 ऑक्टोबर 2024ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे पाहा, असं पोलिसांना बजावलं. विमुक्त होऊन 72 वर्षं झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाला हे पुन्हा सांगावं लागलं. आमच्या खात्यात याला 'स्मरणपत्र' म्हणतात. बहुधा तिसरं असतं, तेव्हा हालचाल होते.

*

समाजसेवेला येणारे निवृत्त कसे असतात, हे मी आता टेबलाच्या अलीकडून पाहतो. थोडी वर्गवारी केली आहे, सवय आहे म्हणून.

ब्लँकेटवाले. थंडीत येतात. एका ब्लँकेटला चार जण धरतात आणि पाचवा फोटो काढतो. ब्लँकेट घेणारी बाई फोटोच्या कडेला निम्मी दिसते.

साबणवाले. स्वच्छतेचं महत्त्व सांगून घरटी एक वडी देतात. वस्तीवर नळ नाही, हे त्यांना परतीच्या वाटेवर कळतं. तेही हात धुवावेसे वाटले म्हणून.

प्रश्नावलीवाले. 'आपणास भेदभाव जाणवतो का? एक ते पाच या प्रमाणात सांगा.' एका आजीने पाचही बोटं दाखवली. तिला नमस्कार करायचा होता, की मारायचं होतं, हे नोंदीत स्पष्ट झालेलं नाही.

सल्लेवाले. 'यांना शिवणयंत्रं द्या.' का कोण जाणे, आपल्याकडे गरीब दिसला की लोकांना शिवणयंत्र आठवतं. हे सल्लागार महाशय स्वतः तीस वर्षं बांधकाम खात्यात होते. वस्तीपर्यंतचा दोन किलोमीटरचा रस्ता त्यांच्याच काळात कागदावर झाला.

आणि व्याख्यानवाले. त्यांच्याविषयी मी बोलणार नाही. घरचं प्रकरण आहे.

टिकलो आम्ही तिघंच. मी, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक निवृत्त जमादार. आम्ही चांगले म्हणून टिकलो, असा समज नको. तिघांनाही आपापली जुनी फाईल ठाऊक होती म्हणून टिकलो.

मुख्याध्यापकांनी आयुष्यभर 'जन्माचा दाखला आणा, मग नाव घालतो' म्हणून पोरं परत पाठवली. शिक्षणहक्क कायदा 2009चा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, हे त्याच्या 14व्या कलमात लिहिलंय. आता सर पोराचं बोट धरून शाळेत जातात आणि प्रार्थनेच्या आवाजात ते कलम वाचून दाखवतात. समोरचे मुख्याध्यापक बहुतेक त्यांचेच विद्यार्थी निघतात, त्यामुळे उभे राहून ऐकतात. खरी गंमत पुढे आहे. सर आठ दिवसांनी पुन्हा जातात, पोर वर्गात कुठे बसवलंय ते पाहायला. ते दाराशी, एकटं, चपलांजवळ बसलेलं असतं. सर वर्गात शिरतात, त्याला उचलून मधल्या बाकावर बसवतात आणि मग तालुक्याच्या हवेविषयी बोलतात. असं तीन-चारदा करावं लागतं. प्रवेश कायद्याने मिळतो. मधला बाक हेलपाटे घातल्यावर मिळतो.

जमादारांची गोष्ट न्यारी. ते पहिल्यांदा वस्तीवर गेले तेव्हा साध्या लेंग्यात होते. पण चाल लपत नाही. त्यांना पाहताच तरणी पोरं तुरीतून पसार झाली, बायका लेकरं घेऊन पालांत शिरल्या आणि आमचे जमादार भर उन्हात, रिकाम्या वस्तीत उभे राहून ओरडत होते, 'अरे, मी रिटायर झालोय! रिटायर झालोय मी!' मी हसलो. मग जमादारांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचं थांबलो. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, 'तीस वर्षं मी इथे पहाटे तीनला यायचो. दिवसा कशी दिसते ही वस्ती, ते आज पाहिलं.'

आता कुणाला उचललं, की ते ठाण्यात जाऊन बाकड्यावर बसतात. आवाज चढवत नाहीत. विचारतात, 'अटक दाखवली का? किती वाजता? घरी कळवलं का?' अटक केल्यापासून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हे घटनेच्या 22व्या अनुच्छेदात आहे. जमादारांना ते नोकरीतही माहीत होतं. आता ते घड्याळ बघून सांगतात, एवढाच फरक.

*

कट्ट्यावर मला विचारतात, 'म्हणजे पारध्यांत चोर नसतातच का हो?'

असतात. बँकांतही असतात. पण बँक बुडाली, की संचालकाच्या आडनावाची सगळी माणसं पहाटे तीनला उचलून आणत नाहीत.

आमच्या संघाचं छोटं ग्रंथालय आहे. त्यात लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आहे, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' आहे. दोन्ही साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, दोन्हींची पानं वाचून मऊ झालेली. एका वर्षी तर 'उचल्या'वर परिसंवाद झाला आणि दोघांचा कंठ दाटून आला. दाराशी पाल पडलं, की हा कंठ मोकळा होतो. काही वर्षांपूर्वी नाना-नानी पार्कशेजारच्या मोकळ्या जागेत पारध्यांची सहा पालं आली. आठवड्यात संघाने नगरपालिकेला अर्ज दिला: 'सदर इसमांमुळे ज्येष्ठ नागरिकांच्या जीविताला व मालमत्तेला धोका निर्माण झाला असून...' सगळ्यांनी सह्या केल्या. परिसंवादाच्या अध्यक्षांची पहिली. चार दिवसांत पालं उठली. कुठे गेली, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

हे मी आता लिहितोय याला कारण आहे. गेल्या श्रावणात संस्थेची जुनी कागदपत्रं लावत होतो. ताईंनी एका फाईलमधून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. तोच अर्ज. हाताने लिहिलेला. सुवाच्य, समास सोडून, परिच्छेदांना क्रमांक देऊन.

'काका, हे अक्षर ओळखीचं वाटतं.'

खाली गिरणी सुरू होती. टेबल थरथरत होतं, की माझा हात, ते सांगता येणार नाही. मसुदा माझाच होता. संघात सरकारी मसुदा नीट लिहिणारा दुसरा होता कोण? नोकरीतून सुटून मला वर्षही झालं नव्हतं. समाजासाठी म्हणून मी हाती घेतलेलं पहिलं काम तेच.

'त्यातलं एक पाल माझ्या मावशीचं होतं,' ताई म्हणाल्या. 'अर्ज चांगला लिहिलाय. म्हणून तर चार दिवसांत काम झालं.'

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी फाईल मिटली आणि शेजारच्या गठ्ठ्यातून दुसरी पुढे सरकवली. 'मावशीच्या नातवाचं आहे. दाखल्याचं. एकदा बघून घ्या, त्रुटी राहायला नको.'

पोराचं नाव एका सरकारी हुद्द्याचं होतं. पारध्यांत अशी नावं ठेवतात. ज्याची भीती वाटते त्याचं नाव पोराला दिलं, की निदान घरात तरी त्याला हाक मारून बोलावता येतं, असं मला वाटतं. हुद्दा कोणता, ते सांगत नाही. पोरगं लहान आहे आणि साहेब रागीट. अर्ज एकदा परत आलेला होता. शेरा होता: 'नावाच्या रकान्यात पदनाम नमूद केले आहे. त्रुटीची पूर्तता करावी.'

जुन्या दिवसांत मीही हेच लिहिलं असतं. शेऱ्याचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं, एवढाच दिलासा.

*

महसूल खात्यात एक शब्द आहे, थकबाकी. जी रक्कम वेळेवर भरायला हवी होती आणि भरली नाही, ती. थकबाकी भरली म्हणून कुणी कुणाचा सत्कार करत नाही. पावती देतात, आणि तीही मागितल्यावर. निवृत्तीनंतरच्या या असल्या कामाला लोक समाजसेवा म्हणतात, शाल देतात, 'या वयातही' म्हणून कौतुक करतात. मी आता शाल घेत नाही. गावाच्या मनातला पूर्वग्रह मनातच असतो, असं आपल्याला वाटतं. मी तो टेबलावर पाहिलाय. तो रकान्यात असतो, शेऱ्यात असतो, हजेरीच्या वहीत असतो, शेवटच्या बाकावर असतो. आणि ती टेबलं चालवली कुणी? आम्हीच. कुठला स्क्रू कुठे आवळलाय, हे आम्हालाच माहीत. मग सैल करायला बाहेरून कोण येणार?

या नोव्हेंबरात बँकेत गेलो. मशीनने अंगठा घेतला नाही. वय झालं की बोटांवरच्या रेघा पुसट होतात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'आजोबा, पुसून परत ठेवा.' तिसऱ्यांदा ठेवल्यावर मशीनला मी जिवंत असल्याचं पटलं. मागे रांगेत संघातले दोघं होतेच. एकाने तेच वार्षिक वाक्य टाकलं, 'समोर धडधडीत उभे आहोत तरी...' मी म्हटलं, 'उद्या अकरा वाजता काय करताय?'

एक जण आला. पोस्टातून निवृत्त झालेला. पाल उठून कुठे गेलं, ते शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पत्ता नसलेल्या माणसांपर्यंत तो पाचव्या दिवशी पोहोचतो.

तुमच्याही तालुक्यात अशी एखादी खोली असेलच. गिरणीवर नसेल, तर एसटी स्टँडमागे असेल. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, नर्स, बँकेतले, कोर्टातले, पोस्टातले, सगळे हवे आहेत. येताना चष्मा आणा आणि काळ्या शाईचं पेन आणा. निळ्या शाईत त्रुटी काढतात.

व्याख्यान घरी ठेवा.